बुरशीचा धनी कोण?

धनत्रयोदशीला आपल्याकडे दोन पूजा होतात. व्यापारी तिजोरी पुसून धनाला हळदकुंकू वाहतो, आणि वैद्य धन्वंतरीच्या तसबिरीपुढे कडुनिंबाची पाने नि साखर ठेवतो. तिथी एक, मुहूर्त एक आणि पुष्कळदा गल्लीही एकच. या दोन दैवतांचे आपसांत कितपत पटते, याची चौकशी करण्याच्या भानगडीत आपण सणासुदीला पडत नाही. पण फराळानंतर दिवाळी अंक हाती घेऊन आडवे झालेल्या वाचकाला थोडी सवड असते, म्हणून तो विषय आज येथे काढतो. ज्याला एखादे प्राण वाचवणारे औषध सापडले, त्याने त्यावर पैसा मिळवावा काय? आणि त्याने मिळवला, तर ज्याच्यापाशी पैसाच नाही त्या रोग्याने काय करावे?

असला प्रश्न मोकळा सोडला की तो कीर्तनाच्या पूर्वरंगात जाऊन बसतो. त्याला एखाद्या खऱ्या हकीकतीच्या खुंट्याला बांधलेले बरे. मी त्यासाठी पेनिसिलीनची हकीकत निवडली आहे. हा वाद त्या औषधाच्या जन्मदात्यांतच, अगदी हमरीतुमरीवर येऊन झाला. आणि तिचा एक मोठा अध्याय आपल्या पुणे-मुंबई रस्त्यावर, पिंपरी येथे घडला.

फ्लेमिंगची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचलेली आहे. सप्टेंबर १९२८, लंडनचे सेंट मेरी इस्पितळ, सुटीवरून परतलेला डॉक्टर आणि बशीतल्या जंतूंना मारून टाकणारी निळसर-हिरवी बुरशी. शाळेचे पुस्तक येथून एकदम नोबेल पारितोषिकाकडे उडी मारते. फ्लेमिंगने १९२९ साली निबंध छापला खरा, पण त्या बुरशीतले औषधी द्रव्य वेगळे काढून टिकवणे त्याला साधले नाही, आणि पुढची दहा वर्षे ती गोष्ट जवळजवळ तेथेच पडून राहिली. बशीतल्या चमत्काराचे औषध झाले ते ऑक्सफर्डला, आणि ते तिघांनी केले: हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली.

फ्लोरी ऑस्ट्रेलियाचा, मोजके बोलणारा. चेन बर्लिनचा ज्यू. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, १९३३ साली, तो इंग्लंडात आला. आई आणि बहीण मागे राहिल्या, त्या पुढे नाझींच्या हातून मेल्या. त्याचा बाप रसायनांचा कारखानदार होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ती पुढे उपयोगी पडणार आहे. हीटली हा तिघांत धाकटा. त्याचे कसब हातात होते. युद्धाच्या दिवसांत काचसामान मिळेना, तेव्हा त्याने रुग्णांच्या शय्यापात्रांत बुरशी वाढवली, आणि मग त्याच घाटाची मातीची भांडी कुंभारी कारखान्यातून मुद्दाम घडवून आणली. त्या भांड्यांची राखण करायला मुली नेमल्या होत्या. एका विद्यापीठाची प्रयोगशाळा म्हणजे दुधाची डेअरी होऊन गेली.

२५ मे १९४० रोजी आठ उंदरांना घातक जंतू टोचण्यात आले, आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलीन दिले गेले. हीटली रात्रभर त्यांच्यापाशी बसून होता. पहाटे पावणेचारच्या सुमारास औषध न मिळालेले चारही उंदीर मरून पडले होते, आणि औषध मिळालेले जिवंत होते. दुसऱ्याच दिवशी डंकर्कहून इंग्रज सैन्याची माघार सुरू झाली. शत्रू इंग्लंडात उतरणार अशी भीती होती. पळावे लागलेच तर बुरशी सोबत असावी, म्हणून या मंडळींनी आपल्या कोटांच्या अस्तरांना तिचे बीज चोळून ठेवले.

पहिला रोगी एक पोलीस शिपाई, आल्बर्ट अलेक्झांडर. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्याला औषध सुरू झाले तेव्हा त्याचे तोंड नि डोके गळवांनी भरले होते, एक डोळा काढून टाकावा लागला होता. चार-पाच दिवसांत ताप उतरला, तो जेवू लागला. आणि औषध संपले. त्याच्या लघवीतून गेलेले पेनिसिलीन पुन्हा वेगळे काढून त्यालाच टोचण्यात आले, तेही संपले. मार्चच्या मध्यावर तो गेला. गुण येत असताना पुरवठ्याअभावी हातचा माणूस जाणे हे ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी त्या महिन्यात पाहिले. गरीब देशांतल्या डॉक्टरांना ते त्यानंतरही कैक वर्षे पाहावे लागले.

आता भांडण. चेनचे म्हणणे असे की या औषधाचे पेटंट ताबडतोब घेतले पाहिजे. कारखानदाराचाच मुलगा तो. उद्योगाच्या जगात कुंपण नसलेल्या शेतात कोणाची गुरे शिरतात, हे त्याने घरी पाहिले होते. आपण घेतले नाही तर दुसरा कोणी घेईल, आणि मग आपल्याच शोधासाठी आपल्यालाच पैसे मोजावे लागतील, असे तो सांगत होता. हा निर्णय ज्यांच्या हाती होता ते वैद्यक संशोधन मंडळाचे चिटणीस मेलन्बी, आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर हेन्री डेल. दोघेही जुन्या वळणाचे. माणसाच्या प्राणाशी निगडित शोधावर मालकी सांगणे हे वैद्याला न शोभणारे आहे, असे त्यांनी ठाम सांगितले. चेनने हट्ट धरला तेव्हा, असा पैशामागे लागशील तर या देशात तुला शास्त्रज्ञ म्हणून भवितव्य नाही, अशा अर्थाची समजही त्याला मिळाली. निर्वासिताला ही समज किती झोंबली असेल ते सांगायला नको.

मेलन्बी आणि डेल यांची थट्टा करण्याची पुढे फॅशन पडली. मला ती रुचत नाही. वैद्याने विद्येचा विक्रय करू नये, ही शिकवण आपल्या आयुर्वेदातही आहे, आणि ज्या समाजात ती नुसती म्हणण्यापुरती तरी जिवंत आहे तो समाज निराळा असतो. पण या दोघा सज्जनांनी हिशेबाची एक बाजू पाहिली नाही. आपण हक्क सोडला म्हणजे तो जगातल्या सर्वांना सारखा मिळाला, असे त्यांनी गृहीत धरले.

जुलै १९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन अमेरिकेत गेले, कारण बॉम्बच्या वर्षावाखाली इंग्लंडात मोठा कारखाना उभारणे शक्य नव्हते. इलिनॉय राज्यातल्या पेओरिया गावी शेतकी खात्याची प्रयोगशाळा होती. तेथे अँड्र्यू मॉयर नावाच्या शास्त्रज्ञाबरोबर हीटली काम करू लागला. मक्याचे सत्त्व काढण्यासाठी मका भिजत घालतात, त्याचे उरलेले आंबूस पाणी तेथे वाटेल तितके मिळे. कुरडयांसाठी गहू भिजत घालून तिसऱ्या दिवशी आपल्या घरच्या बायका जे पाणी मोरीत ओततात, त्याचाच हा मक्याचा भाऊबंद. ते पाणी बुरशीला पाजले आणि औषधाचे उत्पन्न दसपटीहून अधिक वाढले. पुढे १९४३ साली पेओरियाच्याच बाजारातल्या एका खरबुजावर आलेली बुरशी अशी निघाली की तिने आधीच्या सर्व बुरश्यांना मागे टाकले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागात फायझर कंपनीने बर्फाचा जुना कारखाना घेऊन त्यात हजारो गॅलनांची पिंपे बसवली आणि मार्च १९४४ मध्ये उत्पादन सुरू केले. १९४३ साली एक लाख युनिटांना वीस डॉलर पडत, ते १९४६ पर्यंत एका डॉलरच्याही खाली आले.

मॉयरने मात्र हीटलीबरोबर केलेल्या कामाचा निबंध छापला तो एकट्याच्या नावाने. १९४५ साली त्याने उत्पादनाच्या कृतीवर पेटंटे मागितली. तो सरकारी नोकर, त्यामुळे अमेरिकेतल्या हक्कांवर त्याला फायदा घेता येत नव्हता; परदेशांतले हक्क मात्र त्याने स्वतःकडे घेतले, आणि त्या परदेशांत इंग्लंडही होते. आयत्या बिळावरच्या नागोबाचे इतके चोख उदाहरण इतिहासात विरळा. युद्ध संपल्यावर इंग्रज कारखानदार मोठ्या पिंपांचे तंत्र घ्यायला गेले तेव्हा त्यांना अमेरिकन कंपन्यांना रॉयल्टी भरावी लागली. चेनचे भाकीत अक्षरशः खरे ठरले.

येथे अमेरिकेला न्याय दिला पाहिजे. इंग्रज वर्तमानपत्रांनी पुढे कित्येक वर्षे 'आमचे पेनिसिलीन चोरले' म्हणून गळा काढला, त्यात अर्धेच सत्य होते. पेनिसिलीन या द्रव्यावर अमेरिकनांनी मालकी सांगितली नाही, सांगता आलीही नसती. त्यांनी राखून ठेवली ती बनवण्याची कृती, आणि ती कृती बसवण्यात त्यांचा पैसा आणि अक्कल दोन्ही खर्ची पडले होते. घोड्याने गवताशी दोस्ती केली तर खावे काय, हा व्यापाऱ्याचा सवालही अगदीच खोटा नव्हे.

पण या सर्व घोड्या-गवताच्या वादात आपला देश कोठे होता? आपण गिऱ्हाईक होतो. आमच्या घरात पेनिसिलीनला 'पाटल्यांचे इंजेक्शन' म्हणत. माझ्या जन्मापूर्वीची, १९४६ सालची गोष्ट. थोरल्या काकांना न्यूमोनिया झाला, आणि आजीच्या हातातल्या पाटल्या सोनाराकडे गेल्या तेव्हा परदेशी बाटल्या घरात आल्या. त्या काळी दर तीन तासांनी टोचावे लागे, म्हणून डॉक्टरांचा कंपाउंडर दोन रात्री आमच्या ओसरीवर निजला होता. काका वाचले आणि ऐंशी वर्षे जगले. आजी हे सांगताना पाटल्यांविषयी कधी हळहळली नाही. पण शेजारच्या वाड्यातल्या ज्या बाईकडे मोडायला काहीच नव्हते, तिच्या मुलाचे नाव घेऊन मात्र ती गप्प होत असे.

स्वातंत्र्यानंतर हे औषध येथेच करायचे असे सरकारने ठरवले. ठरवणे सोपे होते. त्या दोघा वृद्धांनी पेटंट घेऊ दिले नव्हते, त्यामुळे 'पेनिसिलीन आमचे आहे' असे म्हणत कोणी कोर्टात उभे राहणार नव्हते. मेलन्बींच्या नकाराचे फळ त्यांच्या स्वतःच्या देशाला लागले नाही, ते येथे लागण्याजोगे होते. तरी दार उघडे असून भागत नाही, आत जाण्यासाठी पायांत बळ लागते. पिंपे कशी धुवायची, हवा निर्जंतुक कशी करायची, कोणत्या तासाला काय मोजायचे, हे छापील निबंधांत नसते. ते कारागिराच्या हातात असते, आणि कंपन्या ते हात विकत देतात, फुकट देत नाहीत. ही अडचण सोडवली ती संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी. मुलांसाठी काम करणाऱ्या युनिसेफने यंत्रसामग्री दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ पाठवले. मार्च १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि १९५५ साली पिंपरीच्या माळावर भारतातले पेनिसिलीन निघू लागले.

मी लहानपणी शाळेच्या सहलीबरोबर तेथे गेलो होतो. पाण्याच्या टाकीएवढी उंच पिंपे आणि इडलीच्या आंबलेल्या पिठासारखा वास एवढेच आठवते. आमच्या गुरुजींनी मात्र दारातच टोपी काढली होती, एरवी ते ती देवळातही काढीत नसत.

या औषधाचे मोल कोठे दिसले ते सांगतो. यॉज नावाचा एक त्वचेचा नि हाडांचा रोग आहे. तो मुलांना होतो, अंगावर चट्टे उठतात, आणि उपचार झाला नाही तर हाडे वाकडी होऊन माणूस कायमचा विद्रूप होतो. रस्ता संपतो तेथून पुढे तो रोग सुरू होतो, असे जाणते डॉक्टर म्हणत. आपल्याकडे तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात, बस्तरमध्ये, ओरिसाच्या कोरापुटात होता. लांब पल्ल्याच्या पेनिसिलीनच्या एका टोचणीने तो बरा होतो. एकाच. ज्या मुलाच्या बापाने आयुष्यात दहा रुपयांची नोट पाहिलेली नाही त्याला ही टोचणी विकता येत नाही, ती द्यावीच लागते. आणि लाखोंना द्यायची तर ती स्वस्तच निघाली पाहिजे. १९५० नंतरच्या मोहिमांनी रोग पुष्कळ मागे रेटला, १९९६ साली पुन्हा नेटाने काम सुरू झाले, शेवटचा रोगी २००३ साली सापडला, आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचे जाहीर केले. वर्तमानपत्रांत ही बातमी आतल्या पानावर होती.

पेटंट घेणारे सगळे लोभी आणि न घेणारे सगळे संत, अशी वाटणी मात्र करता येत नाही. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसीन १९४३ साली अमेरिकेत रट्गर्स येथे सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. त्यांनी पेटंट घेतले. पण औषधाचा मक्ता एकट्या मर्क कंपनीकडे जात आहे असे दिसताच त्या कंपनीचे मन वळवून त्यांनी तो हक्क विद्यापीठाच्या संस्थेकडे आणला, आणि मग अनेक कारखाने ते बनवू लागले, किंमत उतरली. पेटंट घेऊन दार उघडे ठेवण्याचा हा प्रकार झाला. त्याच वॅक्समन यांना रॉयल्टीचा वाटा मिळत होता ही गोष्ट मात्र बाहेर आली ती त्यांचा शिष्य आल्बर्ट शॅट्झ याने १९५० साली कोर्टात ओढल्यावर. ज्याच्या हाताने शोध लागला त्या शिष्याला तोवर मोबदल्यातून वगळलेले होते. एकाच माणसाच्या हातून औदार्य आणि कोतेपणा एकाच शोधाच्या बाबतीत घडला.

इंग्रज आपल्या अनुभवातून काय शिकले तेही पाहण्यासारखे आहे. १९४८ साली कायदा करून त्यांनी सरकारी पैशाने लागलेल्या शोधांची पेटंटे सांभाळणारे महामंडळ काढले. त्याच सुमारास सार्डिनिया बेटावरच्या ब्रोत्सू नावाच्या प्राध्यापकाने समुद्राला मिळणाऱ्या सांडपाण्यात एक बुरशी शोधून ऑक्सफर्डला पाठवली. तिच्यापासून सेफॅलोस्पोरिन औषधे निघाली. या वेळी पेटंट घेतले, रॉयल्टीचा पूर आला, आणि ऑक्सफर्डच्या एडवर्ड एब्रहॅम यांनी आपल्या वाट्याच्या पैशातून संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन केले. चेनला हे पाहून काय वाटले असेल! खुद्द आपल्या पिंपरीतही डॉ. तिरुमलाचार यांना हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध सापडले तेव्हा त्याचे पेटंट घेतले गेले, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते.

वाईट आहे तो मक्ता, आणि आपल्याकडे तो फार दिवस होता. १९११ सालचा इंग्रजी पेटंट कायदा स्वातंत्र्यानंतरही चालूच होता. त्याचा परिणाम असा की, काही औषधांच्या बाबतीत भारतासारख्या दरिद्री देशातले भाव जगात सर्वांत चढे आहेत, हे १९६१ च्या सुमारास अमेरिकेच्याच सिनेटमधल्या कीफॉव्हर समितीने नमूद केले. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ सालच्या अहवालात दाखवलेल्या वाटेने १९७० चा नवा कायदा आला आणि १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या द्रव्यावर पेटंट नाही, कृतीवर आहे, आणि तेही थोड्या वर्षांचे, असा त्याचा मथितार्थ. दुसऱ्या कृतीने तेच औषध करण्याची मुभा मिळाली, आणि मुंबई-अहमदाबाद-हैदराबादचे कारखाने उभे राहिले.

त्या मुभेचे माप २००१ साली कळले. एड्सवरच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य बाजारात दहा ते पंधरा हजार डॉलर होता, आणि आफ्रिकेत माणसे रांगेने मरत होती. मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीच औषधे एका सेवाभावी डॉक्टरसंघटनेला वर्षाला तीनशे पन्नास डॉलरांत देऊ केली. दिवसाला एका डॉलरहून कमी. हमीद यांना चाचा म्हणणारे होते आणि दानशूर म्हणणारेही होते. मला त्यांत एक हिशेबी माणूस दिसतो. किंमत मुळात किती असू शकते हे त्याने जगासमोर आकड्यात मांडले. २००५ पासून जागतिक व्यापार कराराप्रमाणे आपल्याला द्रव्याची पेटंटे पुन्हा मान्य करावी लागली. तरी जुन्या औषधाला थोडी मुरड घालून नव्याने मक्ता मागू नये, असे कलम संसदेने ठेवले, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात ते उचलून धरले.

पिंपरीचे पुढे काय झाले? गेल्या शतकाच्या अखेरीस कारखाना आजारी पडला. व्यवस्थापन, सरकारी दिरंगाई, जे म्हणाल ते होते. आणि शिवाय चीनमधून पेनिसिलीनचा कच्चा माल इतक्या स्वस्त भावाने येऊ लागला की येथे पिंपे चालवणे आतबट्ट्याचे ठरले. मग आपण तो माल विकत घेऊ लागलो, आणि ज्या देशाने आफ्रिकेला औषधे पुरवली तो पेनिसिलीनसाठी पुन्हा गिऱ्हाईक झाला. त्यात कोणाचे पेटंट आड आलेले नव्हते. २०२० च्या साथीत सीमा बंद झाल्या तेव्हा सरकारला जाग आली, उत्पादनासाठी प्रोत्साहनाची योजना निघाली, आणि २०२४ साली आंध्रात काकीनाडा येथे एका खाजगी कारखान्यात पेनिसिलीन पुन्हा मोठ्या प्रमाणावर निघू लागले. जगातल्या कारखान्यांत आज जी बुरशी वाढवतात, ती बहुतेक सारी पेओरियाच्या बाजारातल्या त्या १९४३ सालच्या खरबुजावरच्या बुरशीची वंशज आहे.